गळ्यात माळ आहे, तरी लक्ष असू द्या

"डॉक्टर, आमचा मुलगा रोज देवळात जातो, गळ्यात माळ आहे. तो असलं काही करणार नाही." सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या कपड्यांना सिगारेटचा वास येत असतो, तरी पालक असे निश्चिंत असतात. उलट काहींची तक्रार असते, "देवाधर्माचं नाव काढत नाही, म्हणूनच बिघडला." तेव्हा देवभक्ती आणि व्यसन यांचा संबंध काय, ते आज पाहू.

संबंध आहे, हे नक्की. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ १९७५ पासून शाळकरी मुलांची दरवर्षी पाहणी करते. ज्या मुलांना धर्म महत्त्वाचा वाटतो, त्यांच्यात सिगारेट, दारू आणि गांजा यांचे प्रमाण कमी आढळते. आपल्याकडे तर हा विचार जुनाच आहे. माळ घातलेला वारकरी दारूला शिवत नाही. बौद्धांच्या पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. इस्लाममध्ये नशा हराम आहे. गाडगेबाबांनी कीर्तनांतून दारूवर आसूड ओढले.

पण हा गुण नेमका कशाचा? नुसत्या घंटा वाजवण्याचा नव्हे. भजनात टाळ धरणाऱ्या मुलाची संध्याकाळ रिकामी जात नाही. आईवडिलांखेरीज चार वडीलधारी माणसे त्याला नावाने ओळखतात आणि दोन दिवस दिसला नाही तर चौकशी करतात. शिवाय मित्रांनी आग्रह केला, तर "माझ्या गळ्यात माळ आहे" एवढे उत्तर पुरते. या वयात 'नाही' म्हणायला असा आधार फार मोलाचा असतो.

मात्र उलटेही खरे असते. व्यसनाकडे वळलेला मुलगा आपणहून भजनाला येणे सोडतो. त्यामुळे त्याला बळजबरीने देवळात बसवून तो फायदा मिळेलच असे नाही. ज्या घरात देवपूजा नाही, त्यांनीही मनाला लावून घेऊ नये. तालीम, मैदान, वाचनालय, जिथे मुलाची आवड आणि मोठ्यांची नजर दोन्ही असतात, तिथेही हेच काम होते.

आणखी एक गोष्ट. धर्म वेगळा आणि धर्माच्या नावाने जमलेली गर्दी वेगळी. विसर्जनाची मिरवणूक, होळीची भांग, 'महादेवाचा प्रसाद' म्हणून फिरणारी चिलीम, अशा ठिकाणीही मुलाला पहिला घोट किंवा पहिला झुरका मिळू शकतो. मुलगा मंडळाचा कार्यकर्ता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तिथे मोठे कसे वागतात ते बघा.

आता सर्वांत महत्त्वाचे. व्यसन जडल्यावर नुसती शपथ पुरत नाही. देवासमोर हात ठेवून घेतलेली शपथ आठवड्यात मोडते, मग "मी पापी आहे" या भावनेने मुलगा अधिक लपवू लागतो. गर्दसारखी नशा अचानक थांबली की अंग मोडून येते, नाक गळते, उलट्या-जुलाब होतात. हे ढोंग नव्हे, त्याला औषधोपचार लागतो. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. औषधोपचार, समुपदेशन, गटातल्या गप्पा आणि कुटुंबाचा सहभाग हे सारे लागते, हे अशा केंद्रांनी दाखवून दिले आहे. श्रद्धा त्याला बळ देते, त्याची जागा घेत नाही.

पालकांनी काय पाहावे? शाईखोडाचे द्रव, पंक्चरचे सोल्युशन किंवा त्याचा वास येणारा रुमाल दप्तरात सापडला तर दुर्लक्ष करू नका. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याची नशा मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळली: मोठ्यांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के. या नशेने हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यूही येऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी मुलाचे तोंड पूर्ण उघडते ना, हेही तपासा. पैशांची चोरी, बदललेले मित्र, उतरलेले गुण याही खुणाच.

अशी शंका आली तर मारझोड नको, गावभर बोभाटा नको. मुलाला विश्वासात घ्या आणि लगेच आपल्या डॉक्टरांकडे आणा. सरकारचा व्यसनमुक्ती दूरध्वनी क्रमांक १४४४६ असून तो निःशुल्क आहे. विठ्ठलवाडीत विठ्ठलाचे नाव रोजच आपल्या तोंडी असते. ते घेताना शेजारी बसलेल्या मुलाकडेही लक्ष असू द्या.