साक्षीदाराचा स्वर : नभोवाणी-रूपकातील एक प्रयोग

नभोवाणीवरील माहितीप्रधान कार्यक्रमास 'रूपक' ही संज्ञा मराठीत रूढ आहे. सामान्य माणसाचे अनुभव अशा कार्यक्रमात आणावयाचे झाल्यास त्याचे बोलणे टिपून घ्यावे, त्यावरून लेखकाने संहिता सिद्ध करावी आणि ती नटांकडून वदवावी, अशी ब्रिटिश नभोवाणीची एके काळची प्रचलित पद्धती होती. या पद्धतीने माहिती श्रोत्यापर्यंत पोहोचे. परंतु ती ज्याची, तो माणूस मात्र मागेच राही. ही उणीव कशी दूर झाली, हे १९५८ मधील एका रूपकावरून स्पष्ट होते.

९ फेब्रुवारी १९५७ रोजी इंग्लंडमधील डर्बीशर परगण्यात, बक्स्टननजीक, एका मालगाडीच्या इंजिनातील वाफेच्या ब्रेकची नळी फुटली. चढाचा माथा जवळ आला होता व पलीकडे लांब उतार होता. चालक जॉन ॲक्सन याने फायरमनला खाली उडी घेऊन वाघिणींचे हातब्रेक आवळण्यास सांगितले. स्वतः तो उकळत्या वाफेत इंजिनावरच राहिला. अनावर झालेली गाडी चॅपेल-एन-ल-फ्रिथ येथे दुसऱ्या मालगाडीवर आदळली. ॲक्सन आणि त्या दुसऱ्या गाडीचा गार्ड, असे दोघे मृत्युमुखी पडले. ॲक्सन यास मरणोत्तर 'जॉर्ज क्रॉस' देण्यात आला.

या घटनेवर रूपक रचण्यासाठी बी.बी.सी.चे निर्माते चार्ल्स पार्कर व गीतकार इवान मॅकॉल यांनी ॲक्सनची पत्नी आणि सहकारी यांची बोलणी ध्वनिमुद्रित केली. मूळ हेतू संहितेसाठी सामग्री मिळविण्याचाच होता. परंतु फिती ऐकताना मॅकॉल यांच्या ध्यानात आले की, या बोलण्याची लय, त्यातील विराम व धंद्यात घडलेली शब्दकळा यांची नक्कल कोणत्याही नटाला साधणार नाही. तेव्हा मूळ आवाजच ठेवावयाचे, निवेदन गीतांकडे सोपवावयाचे आणि संगीतयोजना पेगी सीगर यांनी करावयाची, असे ठरले. 'द बॅलड ऑफ जॉन ॲक्सन' हे रूपक २ जुलै १९५८ रोजी प्रसारित झाले. त्यामागून १९६४ पर्यंत याच धर्तीची आणखी सात रूपके झाली. हेरिंग मासे पकडणारे कोळी, खाणकामगार, पोलिओग्रस्त, मुष्टियोद्धे, भटक्या जमाती असे त्यांचे विषय होते.

या पद्धतीचे मर्म काय? साक्षीदार काय सांगतो याबरोबरच तो कसे सांगतो, हाही पुरावाच असतो. मित्राच्या मृत्यूविषयी बोलताना माणूस जेथे थांबतो, तो विराम लिखित प्रतीत उतरत नाही. नटाने घेतलेला विराम तर नटाचाच असतो.

तथापि, मूळ आवाज ऐकू येतो म्हणून लेखक नाहीसा झाला, असे मात्र समजू नये. तासन्‌तासांच्या ध्वनिमुद्रणातून एका तासाच्या आतील रूपक घडते. कोणते वाक्य ठेवावे, कोठे तोडावे, कोणत्या गीताशेजारी मांडावे, हे निर्मातेच ठरवितात. शब्द साक्षीदाराचे, क्रम मात्र दुसऱ्याचा. किंबहुना आवाज खरा असल्यामुळे श्रोता त्या क्रमावरही सहज विश्वास ठेवतो, आणि म्हणूनच निर्मात्याचे उत्तरदायित्व अधिक वाढते. लोकांच्या मौखिक कथनांचा संग्रह करणाऱ्या अभ्यासकासही हेच लागू पडते. निवडीनंतर उरलेल्या फिती जपून ठेवणे हे त्या उत्तरदायित्वाचेच एक अंग होय. कारण साक्षीदाराला न्याय मिळाला की नाही, हे पुढे त्यांवरूनच पडताळता येते.