हेक्सापॉड: सहा पायांची दृढता

धातू कापणाऱ्या हेक्सापॉडमध्ये सहसा वर स्थिर चौकट, खाली स्पिंडल धरणारी प्लेट आणि दोहोंमध्ये सहा पाय असतात. प्रत्येक पाय बॉल-स्क्रूने लांब-आखूड होतो. सहांच्या लांबीवरून कटर कुठे आणि किती कलता, हे ठरते. डनलॉप कंपनीत टायर तपासण्यासाठी गफ यांनी सहा पायांची हीच रचना वापरली होती. 1965 मध्ये या रचनेवरचा स्ट्युअर्ट यांचा निबंध आला आणि 1994 च्या शिकागो प्रदर्शनात गिडिंग्ज अँड लुईसचे ‘व्हेरिअॅक्स’ हे हेक्सापॉड यंत्र उभे राहिले.

नेहमीच्या मिलिंग मशिनचे थर एकावर एक बसतात आणि वाकवणारा जोर सोसतात, म्हणून ते जाड बिडाचे ओततात. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना या बिडाची नस ठाऊक आहे. हेक्सापॉडच्या पायांना दोन्ही टोकांना फिरते सांधे असल्याने त्यांच्यावर फक्त दाब किंवा ताण येतो. हा फरक मोठा आहे. 50 मिमी व्यासाचा, एक मीटर लांबीचा पोलादी दांडा लांबीच्या दिशेने 40 किलोने दाबला तर जेमतेम एक मायक्रॉन आखडतो. तोच दांडा एका टोकाला पक्का धरून दुसऱ्या टोकाला तेवढेच वजन टांगले तर दोन मिलिमीटर झुकतो.

पण पाय म्हणजे नुसता दांडा नव्हे. स्क्रू, नट, बेअरिंग आणि दोन सांधे एकापुढे एक येतात आणि प्रत्येकाचे दबणे बेरजेत जाते. दोन्ही सांधे दांड्याइतके कडक धरले तरी पायाची दृढता एक तृतीयांश उरते. प्रत्यक्षात सांधाच सर्वांत मऊ असतो. त्यातली ढिलाई आधीच ताण देऊन काढावी लागते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत उंच सासनकाठी अशीच तोलतात: दोर समोरासमोर ताणलेले असतात, एक बाजू सैल पडली की काठी कलते. दोर फक्त ओढतो, पाय मात्र ढकलतोही. कटरचा जोर दिशा बदलत राहिला की सैल सांधा ठोके खातो आणि कामावर चॅटरच्या, म्हणजे थरथरीच्या खुणा उठतात.

दिशेचा प्रश्न त्याहून अवघड आहे. सगळे पाय उभ्या रेषेशी 30 अंशांत असतील तर उभी दृढता आडव्या दृढतेच्या सहापट भरते, आणि मिलिंगचा बराचसा जोर तर आडवाच असतो. प्लेट सरकली किंवा कलली की हे प्रमाणही बदलते. म्हणून एका कोपऱ्यात चालणारा काप दुसऱ्या कोपऱ्यात चालेलच असे नाही. काही स्थितींत सहाही पाय लॉक असूनही प्लेट एखाद्या दिशेने हलू शकते. तिथे तिला नेताच येत नाही, त्यामुळे कामाची जागा आक्रसते.

शिवाय चालताना स्क्रू तापतो. एक मीटर पोलाद एका अंशाला सुमारे 11 मायक्रॉन वाढते, आणि सहा पाय सारखेच तापतील याची खात्री नसते. कंपने जिरवण्याचा बिडाचा गुणही हलक्या पायांत नाही. म्हणून जड मिलिंगमध्ये बिडाच्या बेडची यंत्रेच टिकली. हेक्सापॉडची रचना विमानाच्या सिम्युलेटरमध्ये, दुर्बिणींचे आरसे जुळवण्यात आणि हलक्या कापाच्या कामात रुळली.