ताटाची डावी बाजू कुठे गेली?

मेंदूच्या उजव्या भागाला झटका येऊन गेलेल्या एखाद्या आजोबांना जेवायला वाढा. भाजी संपते, आमटी संपते आणि मग कुरकुर सुरू होते, ‘‘चटणी नाही, लिंबू नाही, मीठसुद्धा वाढलं नाही!’’ सगळं वाढलेलं असतं, डावीकडे. ताट फिरवून द्या, तेही फस्त. डोळे तपासावेत, तर पुष्कळदा ठणठणीत!

मग बिघडतं काय? लक्ष. मेंदूत जणू दोन राखणदार असतात. डावा मुख्यतः उजवीकडची राखण करतो, उजवा दोन्हीकडची. डावा आजारी पडला तर उजवा सांभाळून घेतो. उजवाच कोसळला, की डावं शेत मोकळं.

इथवर पटतं. पण पुढचं ऐका. १९७८ साली बिसियाक आणि लुझाती या संशोधकांनी मिलानमधल्या अशा दोन रुग्णांना सांगितलं, ‘कॅथीड्रलचा चौक डोळ्यांपुढे आणा. तुम्ही कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात. काय काय आहे?’ उत्तरात उजवीकडच्याच इमारती! ‘आता कॅथीड्रलच्या दारात उभं राहून चौकाकडे बघा.’ आणि मघाशी गाळलेल्या इमारती भराभर आठवल्या, कारण आता त्या उजवीकडे आल्या होत्या. म्हणजे आठवणीतल्या चित्रालाही डावी बाजू उरत नाही!

१९८८ साली मार्शल आणि हॅलिगन या संशोधकांनी अशाच एका रुग्ण बाईंना दोन घरांची चित्रं दाखवली. एका घराच्या डाव्या बाजूला आग लागलेली. बाई म्हणाल्या, दोन्ही सारखीच. राहायला कुठलं आवडेल? प्रश्नच खुळा वाटला त्यांना, पण निवडलं मात्र बहुतेक वेळा न जळणारं! आग दिसली कुणाला?

अशा रुग्णांना रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून झटते ती ऑक्युपेशनल थेरपी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकरांनी तिचं शिक्षण सुरू केलं, तेव्हा हे प्रयोग पुस्तकात असणं शक्य नव्हतं. पदवीनंतरही थेरपिस्टनं शिकत राहायचं ते यासाठी. ‘डावीकडे बघा’ असं बजावून भागत नाही. ज्याला डावीकडे काही आहे हेच जाणवत नाही, तो बघणार कुठे?

यावर १९९८ साली रोसेती आणि सहकारी संशोधकांनी अशा रुग्णांसाठी एक विलक्षण चष्मा वापरला. त्याच्या काचा सगळं दृश्य दहा अंश उजवीकडे सरकवतात. समोरच्या ठिपक्यावर बोट न्यायचं. आधी नेम उजवीकडे चुकतो, पण पन्नासेक वेळा केलं की हात आपोआप डावीकडे वळायला शिकतो. चष्मा काढला तरी हात डावीकडेच झुकतो आणि गंमत म्हणजे लक्षही त्याच्यामागून जातं! निदान दोन तास रुग्णांची चित्रं, वाचन, चाचण्या सुधारलेल्या दिसल्या.

लगेच चष्म्याच्या दुकानाकडे धावू नका. कागदावर सुधारलेला माणूस घरात वावरताना सुधारेलच असं नाही. त्याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून थेरपिस्टला रोजचं वागणं मोजायलाही शिकावं लागतं. त्यासाठी कॅथरीन बर्जेगो मापनात दहा बाबी आहेत. डाव्या गालाची दाढी झाली का? डाव्या बाहीत हात गेला का? चालताना डावा खांदा चौकटीवर आपटतो का? डावीकडून हाक मारली तर मान वळते का, की घरच्यांना वाटतंय, बाबा रुसलेत?