भीमाशंकरच्या पायऱ्या आणि छातीतली कळ

भीमाशंकरला देऊळ खाली आणि गाड्या वर. दोनशेहून अधिक पायऱ्या उतरून दर्शन होते. खरी परीक्षा परतताना. चढताना छातीवर दाब येतो, डावा हात किंवा जबडा भरून येतो, कठड्याला टेकून पाच मिनिटे थांबले की बरे वाटते. ‘उपवासाचं पित्त’ म्हणून माणूस सोडा पितो आणि गाडीत बसतो. हृदयरोगतज्ज्ञ मात्र इथेच कान टवकारतात. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी कळ हृदयाच्या रक्तवाहिनीतल्या अडथळ्याची खूण असू शकते. घरी गेल्यावर लगेच तपासणी करून घ्यावी.

बसूनही कळ थांबत नसेल, दरदरून घाम सुटला असेल, तर झटकाच समजावा आणि १०८ला फोन लावावा. पुणे इथून सुमारे ११० किलोमीटर. नातेवाईक म्हणतात, “मध्ये कुठे थांबू नका, थेट पुण्याला न्या.” मायेपोटी दिलेला हा सल्ला महागात पडू शकतो. अँजिओप्लास्टी हा उत्तम उपचार खरा, पण निदानानंतर दोन तासांच्या आत होणार असेल तर. घाट आणि चाकणची कोंडी धरली की हे गणित कोलमडते. अशा वेळी वाटेतच ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे आणि मग पुण्याला हलवायचे, हा मार्ग असतो. घोडेगाव आणि मंचरला शासकीय रुग्णालये आहेत. ईसीजी आणि इंजेक्शनची सोय आहे का, हे निघतानाच फोनवर विचारावे.

हा दुय्यम उपचार नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ चाचणीत तीन तासांच्या आत आलेले, पण तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नसलेले १,८९२ रुग्ण होते. महिनाभरात मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत झाली ती इंजेक्शन घेतलेल्यांपैकी १२.४ टक्क्यांना, थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांपैकी १४.३ टक्क्यांना, म्हणजे दोन्ही तोडीस तोड. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका इंजेक्शनाने थोडा वाढतो. म्हणून पूर्वीचा पक्षाघात किंवा अलीकडची शस्त्रक्रिया डॉक्टरांपासून लपवू नये.

झटका येऊच नये म्हणून काय करायचे? रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. दुसरी गोष्ट तंबाखूची. “तंबाखू खाता का?” असे विचारले तर बायका ठामपणे नाही म्हणतात. “दात कशाने घासता?” असे विचारले, की कनवटीची मशेरीची डबी बाहेर येते.