स्वाक्षरी जुळत नाही

2024 च्या जूनमध्ये न्यूकासलला लेकीकडे गेलो होतो. तिथून साधारण तासाभराच्या अंतरावर सीहाउसेस नावाचं छोटं बंदर आहे. तिथल्या बोटी फार्न बेटांकडे जातात. जूनमध्ये आजोबांची कानटोपी पाहून नात हसली. वारा सुटल्यावर तिनेही स्वतःची बाहेर काढली.

बोट कड्याखाली आली. वर पाहतो तर पगाराच्या दिवशीची बँकच! काळा कोट आणि पांढऱ्या पोटाची हजारो मंडळी खांद्याला खांदा लावून उभी.

"आजोबा, यात दोन जाती आहेत. गिलेमॉट आणि रेझरबिल. ओळखा!"

दोघेही पाण्यात बुडी मारून, पंखांनी पोहत मासे पकडणारे. माझी छत्तीस वर्षं नमुन्याच्या कार्डाशी सह्या ताडून पाहण्यात गेलेली. मी ऐटीत बोट दाखवलं, "त्या पक्ष्याच्या डोळ्याजवळ पांढरी रेघ आहे. तो रेझरबिल."

"चूक! काही गिलेमॉटना तशी रेघ असते, चष्म्यासारखी. एका खुणेवर जाऊ नका. चोच बघा."

चोच पाहिली. गिलेमॉटची सुरीसारखी निमुळती. रेझरबिलची जाड, बोथट, वस्तऱ्याच्या पात्यासारखी, वर पांढरी आडवी रेघ. मग रंग. रेझरबिल काळाकुळकुळीत, गिलेमॉट कॉफीच्या रंगाचा. पण उत्तर स्कॉटलंडकडचे गिलेमॉटही चांगलेच गडद असतात, म्हणजे रंगावरही विसंबता येत नाही. गिलेमॉटच्या कुशीवर तपकिरी रेघोट्या, रेझरबिलची कूस स्वच्छ. पाण्यात बसल्यावर रेझरबिलची टोकदार शेपटी वर उचललेली. उडताना गिलेमॉटचे पाय शेपटीमागे डोकावतात, दुसऱ्याचे नाहीत. चार खुणा जुळल्या तेव्हा कुठे नातीने मान डोलावली.

मला मात्र एक जुना चेक आठवला. तालुक्याच्या शाखेत असताना एक निवृत्त मास्तर पेन्शन काढायला येत. अर्धांगवायूनंतर त्यांचा हात थरथरे. मी कार्ड पाहिलं, सही पाहिली आणि चेक परत केला. स्वाक्षरी जुळत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. चेहरा, आवाज, काठी, पासबुक, सगळं ओळखीचं होतं. मी पाहिली फक्त सही. मास्तरांनी माझ्यासमोर चेकची शांतपणे घडी घातली आणि खिशात ठेवली. नंतर ते शाखेत दिसले नाहीत. खातं मुलाने बंद केलं, तेव्हा कारण विचारायचं धाडस मला झालं नाही.

परतताना नातीने आणखी एक गोष्ट सांगितली. गिलेमॉट घरटं बांधत नाही. उघड्या कपारीवर एकच अंडं घालतो. शेजारणींची अंडी वीतभर अंतरावर. पण प्रत्येकीच्या अंड्याचा रंग आणि नक्षी वेगळी, त्यामुळे आईबाप आपलं अंडं बरोबर ओळखतात. विष्ठेने ते हळूहळू मळत जातं, तरीही ओळखतात; बदलत्या रूपाची नोंद त्यांच्या डोक्यात होत राहते.

मी तिला मास्तरांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग त्यांचं नवं कार्ड का नाही केलंत?"

करता आलं असतं. फॉर्म माझ्याच खणात होता, एका पानाचा.