दांताची कबर

चौदाव्या शतकांत दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक तेलंगणांतून दौलताबादेस परतत असतां बीडजवळ त्याचा एक दांत पडला. तो त्यानें मोठ्या समारंभानें पुरविला व त्यावर भव्य वास्तु उभारविली, असें फेरिश्ता हा इतिहासकार लिहितो. बीडच्या दक्षिणेस करजणी गांवाजवळ ती वास्तु दाखवितात. मनुष्य जिवंत, आणि पुरला केवळ दांत! मग हिला म्हणावें तरी काय?

'कबर' हा अरबी शब्द. त्याच्या मूळ धातूचा अर्थ पुरणें. 'मकबरा' म्हणजे पुरण्याचें स्थान. 'रौजा' म्हणजे मूळ अर्थानें बाग, तर 'दर्गा' या फारसी शब्दांतील 'दर' हा आपल्या 'द्वार' शब्दाचा सगोत्र होय.

दूरच्या स्लाव भाषांतही हाच प्रकार आढळतो. त्यांचा 'ग्रोब' हा शब्द खणणें या अर्थाच्या धातूपासून झाला. झेक भाषेंत त्याचें रूप 'ह्रोब', व अर्थ थडगें. रशियन भाषेंत मात्र आज त्याचा अर्थ शवपेटी असा होतो. तरीपण प्रभु येशूच्या कबरेस रशियन लोक अद्याप 'ग्रोब गस्पोदेन' म्हणतात; भक्तीनें शब्दाचा जुना अर्थ जतन केला आहे. थडग्यावरील भव्य इमारतीस ते 'मावझोलेय' म्हणतात. इ. स. पूर्वीं 353 मध्यें मृत्यु पावलेल्या मावसोलस राजाची कबर हलिकार्नासस येथें बांधली गेली. ती जगांतील सात आश्चर्यांपैकीं एक ठरली, आणि राजाचें विशेषनाम सामान्यनाम झालें! मॉस्को येथें लेनिनच्या देहासाठीं 1930 सालीं पूर्ण झालेली दगडी वास्तु याच नांवानें ओळखली जाते.

आतां आपल्या अंबाजोगाईस चला. तेथें 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधि आहे. कापडाच्या पासोडीवर ग्रंथरचना करणाऱ्या दासोपंतांचीही आहे. 'समाधि' या शब्दांत खणणें नाहीं, पुरणें नाहीं, राजाचें नांवही नाहीं. आहे ती केवळ चित्ताची ईश्वराठायीं एकाग्रता.

म्हणून सुलतानाच्या दांतास 'कबर' हा शब्द शोभतो, 'समाधि' शोभत नाहीं. पुरण्यास दांतही पुरतो. समाधीस मात्र सारें आयुष्य वाहावें लागतें. विद्यार्थिमित्रहो, दगड सत्तेनें रचवितां येतात. त्यांस मिळणारें नांव लोकच ठरवितात.