कुत्री व्यायलीच नाही, मग दूध आलं कुठून?

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. पण ज्यांच्या घरी हे घडतं, ते चांगलेच घाबरतात.

समजा, रनाळ्यात तुमच्या मळ्यावर राखणीला एक कुत्री आहे. माज येऊन गेला, कुत्रा काही लागला नाही. तरी दीड-दोन महिन्यांनी तिची आचळं फुगतात, दूध येतं. ती खाटेखाली माती उकरते, चप्पल कुशीत घेऊन बसते, जवळ गेलं की गुरगुरते. घरात लगेच चर्चा: पिल्लं कुणी नेली? बाहेरची बाधा तर नाही ना?

तसलं काही नाही. याला खोटं गाभणपण म्हणतात.

गाय गाभण राहिली नाही तर साधारण २१ दिवसांनी परत माजावर येते, हे तुम्हाला माहीतच आहे. कुत्रीचं तसं नाही. माजानंतर तिच्या अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन जवळपास दोन महिने येत राहतं, पोटात पिल्लं असोत वा नसोत. ते उतरलं की प्रोलॅक्टिन वाढतं. दूध आणणारं आणि आईपण जागवणारं हार्मोन हेच. म्हणजे ती नाटक करत नाही. तिच्या शरीराला खरंच वाटतं की आपण व्यायलो.

मग करायचं काय? दूध पिळू नका. जितकं पिळाल, तितकं नवं तयार होतं. तिलाही आचळं चाटू देऊ नका. चप्पल हिसकावू नका, ती बाहेर गेली की गुपचूप उचला. माणसांची औषधं तर अजिबात नकोत. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनं दूध उलट वाढू शकतं. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत सगळं आपोआप थांबतं.

पण एक गोष्ट नीट ऐका. याच काळात गर्भाशयात पू होण्याचा आजारही होतो आणि तो जिवावर बेततो. कुत्री खूप पाणी पितेय, खात नाही, सुस्त पडलीय, मागून पू किंवा घाण येतेय, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आचळ गरम, कडक झालं किंवा दुधात रक्त दिसलं तरी तेच. आणि मोकळी फिरणारी कुत्री खरोखर गाभण असू शकते, तेही तपासून घ्या.

दर माजानंतर हेच होत असेल तर नसबंदी हा पक्का उपाय. फक्त दूध पूर्ण आटल्यावरच करा, नाहीतर त्रास लांबतो.

तोवर तिला रागावू नका. भेटू पुढच्या भागात!